रोमानी घराण्यांतली पिढीजात नावं : तुम्हाला काय माहीत आहे?

अनघा_केंट

नमस्कार मंडळी. मी अकरा वर्षं इंग्लंडात, केंटमध्ये राहते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक रोमानी (लोक जिप्सी म्हणतात त्या समाजातल्या) आजी राहतात, वय त्र्याऐंशी. त्यांचं लहानपण घोड्याच्या गाडीत गेलं. उन्हाळ्यात चेरी, सप्टेंबरात हॉप्सची (बिअरमध्ये घालतात त्या फुलांची) तोडणी, हिवाळ्यात मिळेल ते काम. १९६०च्या कायद्यानंतर शेताच्या कडेला गाडी लावणं कठीण होत गेलं आणि शेवटी ते पक्क्या घरात आले.

मागच्या महिन्यात त्यांच्या नातीला मुलगी झाली. आजींची इच्छा आहे की बाळाचं नाव सिन्फाय ठेवावं. त्यांच्या आईचं ते नाव, आणि आईच्या आजीचंही तेच. नातीला ते नको. तिचं स्वतःचं नाव मिझेली. ती म्हणते, शाळेत हजेरीत माझं नाव पुकारलं की वर्गाला कळायचं मी कोण, आणि मग मधल्या सुट्टीत जे व्हायचं ते व्हायचं. मला मुलीसाठी एमिली हवंय.

परवा आजींनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. आत बाप्तिस्म्याचे तीन दाखले, तीन वेगळ्या गावांचे. त्यांना वाचता येत नाही म्हणून मी वाचून दाखवले. एका दाखल्यावर सिन्फी, एकावर सायनफाय, आणि एका पाद्र्याने तर सरळ सिंथिया लिहून टाकलंय. आजी ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "सिंथिया कोण?"

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. ही नावं येतात कुठून? सगळ्याच रोमानी लोकांत ती अशी पुढे चालतात का? कुणाचा अनुभव, वाचन, काहीही असेल तर लिहा. आणि आजी की नात, तुम्ही कुणाच्या बाजूने? इथे ४२ दिवसांत जन्म नोंदवावा लागतो. आज एकोणतिसावा.

चिंचोका

आजींच्या बाजूने. डोळे मिटून.

मीनल_ठाणे

मी मिझेलीच्या बाजूने. नऊ महिने तिने वाढवलं, शाळेतही तिनेच सोसलं. पणजीची हौस म्हणून बाळाने का सोसायचं?

भाषावेडा

बाजू नंतर घेतो, आधी मला आवडणारा भाग. रोमानी भाषेत नावाला 'नाव'च म्हणतात. काही बोलींत 'अनाव' किंवा 'अलाव', सिंती या त्यांच्याच एका शाखेत 'लाब'. त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघाले, शब्द मात्र हाताशी राहिले. नाकाला 'नख', कानाला 'कान', पाण्याला 'पानी', चांदीला 'रूप', म्हणजे आपलं रुपे. मुलाला 'छावो', आणि हा शब्द वाचून आपला छावा आठवला नाही असा मराठी माणूस सापडणार नाही. फ्रान्समधले काही रोमा (म्हणजे रोमानी लोकच) स्वतःला मानुश म्हणवतात. अर्थ : माणूस.

माणसांच्या नावांचं मात्र तसं नाही, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. १४२२ साली बोलोन्याला आलेल्या टोळीच्या म्होरक्याचं नाव होतं आंद्रेया. १४२३ मध्ये हंगेरीचा राजा सिगिस्मुंड याने ज्या रोमा नायकाला संरक्षणाचं पत्र दिलं त्याचं नाव लाडिस्लाउस. म्हणजे युरोपच्या कागदांवर ते येतात तेच ख्रिस्ती नावं घेऊन. मोजतानाही सहापर्यंतचे आकडे भारतातले, सात-आठ-नऊ ग्रीक : एफ्ता, ओख्तो, एन्या. नावंही तशीच वाटेवर गोळा झालेली. लुलुदी हे मुलीचं नाव, अर्थ फूल, शब्द ग्रीक. बाल्कनमधल्या मुसलमान रोमांत एस्मा, शाबान. इंग्लंडात बायबल.

म्हणून 'अस्सल रोमानी नाव' शोधताना संस्कृत धातू शोधू नये. ज्या घरात ते चार पिढ्या हाकेला राहिलं, त्या घराचं ते झालं.

वेरूळकर

म्हणजे हे आपले बंजारेच की! तांडे, गाड्या, रंगीत घागरे. सरळ आपल्याकडची नावं सुचवा त्यांना.

धनंजय_सोलापूर

वेरूळकर, राग मानू नका, पण हे फार लवकर जोडलंत. गाड्या आणि घागरे बघून नातं ठरत नाही. भाषेचे अभ्यासक रोमानीला आधी मध्य भारतातल्या आणि मग वायव्येकडच्या बोलींशी जोडतात, एखाद्या विशिष्ट जातीजमातीशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही.

साम्य मला दुसरीकडे दिसतं. आमचं घराणं सोलापूरच्या सेटलमेंटमधलं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात राहिलेले लोक. आजोबांची रोज हजेरी असायची. रजिस्टरवर त्यांचं एक नाव होतं आणि पालावर दुसरं. रजिस्टरवरचं नाव शिपायाने त्याला जमेल तसं लिहिलेलं. ३१ ऑगस्ट १९५२ला आम्ही विमुक्त झालो, तरी शाळेच्या दाखल्यावर माझ्या वडिलांना लागलं ते शिपायाचंच नाव. आजी त्यांना त्या नावाने एकदाही हाक मारत नसे. मिझेली हजेरीबद्दल म्हणते ते मला पुस्तक न उघडता कळतं.

वेरूळकर

धनंजयदादा, बरं झालं सांगितलंत. शब्द मागे घेतो.

गिटारवाला

दोन नावांचा विषय निघालाच आहे तर जॅझ गिटारवादक जँगोला विसरून कसं चालेल! १९१०मध्ये बेल्जियममधल्या लिबेर्शीत जन्मला, कागदावर नाव जाँ राइनहार्ट. जँगो हे घरचं, रोमानी नाव. त्याचा अर्थ 'मी जागा होतो' असा सांगतात, त्यात आपली 'जाग' ऐकू येते. भावाचं नाव जोसेफ, घरी नँ-नँ. मुलगा जाँ-जाक, घरी बाबिक. एका घरात प्रत्येकाला दोन नावं, आणि जगाने घरचीच लक्षात ठेवली. पोलंडची रोमा कवयित्री पापुशाही तशीच. कागदावर ब्रोनिस्वावा वाइस, सगळे म्हणत पापुशा, म्हणजे बाहुली.

रानजाई

मी तर तीन नावांचं वाचलंय. बाळ जन्मल्यावर आई त्याच्या कानात एक नाव सांगते, ते पुन्हा कधीच कुणी उच्चारत नाही. भुताखेतांना खरं नाव कळू नये म्हणून. दुसरं नाव आपल्या लोकांत, तिसरं सरकारी.

आपल्याकडे बारशाला आत्या कानात नाव सांगते आणि मग पाठीवर धपाटे बसतात ते आठवलं. माझ्या चुलत आजोबांचं नाव दगडू. आधीची तीन मुलं गेली होती. देवाला हे हवंसं वाटू नये म्हणून दगड.

चिंचोका

आमच्याकडे धपाटे इतके बसले की आत्याने सांगितलेलं नाव ती स्वतःच विसरली. पाटीवर लिहिलं होतं म्हणून वाचलो!

भाषावेडा

रानजाई, कानातल्या गुप्त नावाची गोष्ट सगळीकडे छापलेली दिसते, पण एकाने लिहिलं आणि दहांनी उतरवलं असं तिचं स्वरूप आहे. मी तिच्यावर भार टाकणार नाही. दोन नावांची पद्धत मात्र पक्की. अमेरिकेतल्या काल्देराश शाखेच्या रोमांमध्ये त्यांना शब्दच आहेत : 'नाव रोमानो' आणि 'नाव गाजिकानो'. गाजो म्हणजे रोमा नसलेला माणूस. गाजिकानो नाव कामापुरतं असतं, गाव बदललं की बदलता येतं. रोमानो नाव बदलत नाही. अ‍ॅन सदरलँड या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९९४मध्ये यावर लेख लिहिला. एका रोमा तरुणाने नातेवाइकाचा सरकारी क्रमांक वापरला म्हणून खटला झाला होता आणि त्या त्यात साक्षीला होत्या. कोर्टाला ती लबाडी दिसत होती. त्याच्या लेखी असे कागद सगळ्या घराचे.

आणखी एक. आपलं जसं स्वतःचं, बापाचं आणि मग आडनाव, तसं त्यांच्यात स्वतःचं नाव आणि पुढे बापाचं नाव षष्ठीत, 'अमक्याचा'. त्यावरून माणूस कुठला ते कळतं. कुळांची नावंही बहुधा पूर्वजांवरून पडलेली. काही कुळांची मात्र गमतीची, पापिनेश्ती म्हणजे हंसवाले. पापिन म्हणजे हंस.

पंतांचा_नातू

आणि आडनावं? इंग्लंडातले रोमा स्मिथ, ली, कूपर असतात असं ऐकलंय. ती तर साधी इंग्रजी झाली.

भाषावेडा

त्यांची रोमानी भाषांतरं त्यांनीच करून ठेवलीत. स्मिथ झाला पेटुलेंग्रो, म्हणजे नाल ठोकणारा. कूपर झाला वार्दोमेस्क्रो, गाडी बनवणारा. ली हे लीक नावाच्या कांद्यासारखं ऐकू येतं म्हणून पुरूम, म्हणजे कांदा! जॉर्ज बॉरो या इंग्रज लेखकाने १८७४मध्ये ही यादी छापली.

आणि तुमच्या प्रश्नातच अनघाताईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. आडनावं मोजकी. एका जत्रेत दहा जॉन स्मिथ जमले तर कोण कुणाचा? म्हणून स्वतःचं नाव उठून दिसणारं हवं. प्लेटो, ओशन, फ्रीडम, ब्रिटानिया, व्हॅशटी, ट्रेनिट (हे मूळ ट्रिनिटी) ही सगळी इंग्लंडातल्या रोमांची खरी नावं आहेत. वंशावळ शोधणारे त्यांच्याच आधारे माग काढतात, कारण गावोगावच्या नोंदवह्यांत स्मिथ शेकडो, प्लेटो स्मिथ मोजके. वेल्समध्ये तर एब्रम वुड नावाचा एक म्होरक्या १७९९मध्ये वारला, त्याच्यावरून वेल्श भाषेत रोमा लोकांनाच 'एब्रम वुडचं घराणं' म्हणू लागले.

मीनल_ठाणे

हे सगळं सुंदर आहे, पण मिझेलीचा प्रश्न तिथेच राहिला. उठून दिसणारं नाव जत्रेत उपयोगी, शाळेत तेच नडतं.

सोफियाहून_परत

मीनल, तुझा मुद्दा दुसऱ्या टोकाने बघतो. मी सात वर्षं बल्गेरियात होतो. माझ्या एका सहकाऱ्याचे वडील मुसलमान रोमा. साठच्या दशकात कम्युनिस्ट सरकारने त्यांच्या वस्तीत नावं बदलण्याची मोहीम काढली. १९८४-८५च्या हिवाळ्यात तुर्की लोकांची नावं सक्तीने बदलली ते जगाला कळलं, रोमांची पाळी त्याच्या कितीतरी आधी आली होती. सहकाऱ्याच्या वडिलांचं नाव हसन. एका सकाळी असेन झाले. जमेल तितकं जवळचं नाव निवडलं, म्हणजे आईने हाक मारली तरी वळून बघता येईल. मार्च १९९०च्या कायद्याने जुनी नावं परत घेता आली, तेव्हा पुन्हा हसन झाले, पण पेन्शनचे जुने कागद असेनचे. दोघं एकच आहेत हे सिद्ध करायला त्यांनी दोन वर्षं खेटे घातले.

मुलांना त्यांनी बल्गेरियन नावं दिली, त्यांना असा त्रास नको म्हणून. माझा सहकारी घरी जेवायला बोलवायचा तेव्हा वडील त्याला वेगळ्याच नावाने हाक मारत. ते नाव त्याने ऑफिसात कधी सांगितलं नाही. मीही इथे लिहीत नाही.

रोहिणी_हेग

अनघा, तुझा धागा वाचून रात्रभर एक चेहरा डोळ्यांसमोर होता, म्हणून लिहितेय.

नेदरलँड्समध्ये वेस्टरबोर्क नावाची नाझींची छावणी होती. १९ मे १९४४ला तिथून आउशवित्झला जी गाडी सुटली तिचं चित्रीकरण झालं. मालडब्याच्या अर्धवट उघड्या दारात डोक्याला फडकं बांधलेली एक मुलगी दिसते, काही क्षणच. युद्धानंतर तो चेहरा सगळीकडे छापला गेला. नाव कुणालाच माहीत नव्हतं. सगळे धरून चालले की ती ज्यू असणार. पन्नास वर्षं ती 'फडकंवाली मुलगी' होती.

आद वाखेनार या पत्रकाराने शोध घेतला. डब्याचा क्रमांक, शेजारून ढकलत नेलेल्या हातगाडीवरच्या बॅगेवरची अक्षरं, असं करत करत तो त्याच डब्यातून गेलेल्या आणि वाचलेल्या एका सिंती बाईंपर्यंत पोचला. त्यांना ते नाव आठवत होतं. आईने त्या मुलीला दारातून आत ये म्हणून ओरडून हाक मारली होती. सेटेला. कागदावर आना मारिया स्टाइनबाख, नऊ वर्षांची. १९९४मध्ये कळलं. नोंदीतली आना मारिया त्या बाईंना कदाचित ओळखू आली नसती, आईच्या हाकेतलं नाव आठवलं.

भाषावेडा

रोहिणी, धन्यवाद. याला जोडून एवढंच. आउशवित्झच्याच बिर्केनाउ भागातल्या जिप्सी कॅम्पच्या नोंदवह्या पोलिश कैद्यांनी जुलै १९४४मध्ये चोरून बादलीत घालून जमिनीत पुरल्या. २ ऑगस्टच्या रात्री छावणीत उरलेल्या चारेक हजार लोकांना मारून टाकलं. बादली जानेवारी १९४९मध्ये खणून काढली. ओल लागून पानं खराब झाली होती, तरी त्यातून जवळजवळ २१,००० माणसांच्या नोंदी हाती आल्या. तेवढ्यासाठी त्या कैद्यांनी जीव धोक्यात घातला होता.

चिंचोका

(काही सुचत नाही लिहायला. वाचतेय.)

गिटारवाला

मला एक शंका आहे आणि ती अनघाताईंना विचारायला हवी. फ्रान्समधल्या मानुशांत पद्धत नेमकी उलट आहे. माणूस मेला की त्याचं नाव घेत नाहीत. त्याच्या वस्तू जाळतात, आवडीचा पदार्थ खाणं सोडतात, नाव तोंडातून जातं. पात्रिक विल्यम्स या मानवशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केलाय. हा मान देण्याचा प्रकार आहे, नाव त्या माणसाचं, ते त्याच्याबरोबर. मग 'पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं नाव' हे सगळ्या रोमांना लागू होत नाही. इंग्लंडातल्या जुन्या नोंदींतही मेलेल्याच्या नावाचा एखादा नातेवाईक असला तर त्याला दुसऱ्या नावाने हाक मारायला लागायचे असं आहे. आजींच्या घरात कसं होतं?

अनघा_केंट

सगळ्यांचे मनापासून आभार. गिटारवाला, तुमचा प्रश्न मी आजींना विचारला. विचारताना भीती वाटत होती, मिझेलीही तिथेच बसलेली.

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आई १९६८मध्ये गेली. त्यांच्या वडिलांनी गाडी जाळली, आतल्या कपबशा फोडून जमिनीत पुरल्या. नंतर मरेपर्यंत त्यांनी ते नाव घेतलं नाही आणि मुलांनाही घेऊ दिलं नाही. एका चुलत बहिणीचं नाव तेच होतं, तिला त्या दिवसापासून सगळे 'बेब' म्हणू लागले. ती म्हातारी होऊन बेब म्हणूनच गेली. वडील गेल्यावरही आजींना नाव घ्यायचा धीर झाला नाही. बाळ झाल्याचा फोन आला तेव्हा स्वयंपाकघरात एकट्या असताना त्यांनी ते मोठ्याने म्हणून पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मिझेलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला वाटत होतं आजी हट्ट करतायत. मीनल, ती तुझे दोन्ही प्रतिसाद माझ्याकडून समजून घेऊन म्हणाली, या बाईला माझ्या बाजूने बोलल्याबद्दल थँक्यू सांग.

ठरलं काय ते दोघीच ठरवतील. मी गप्प बसून चहा प्यायले.

मीनल_ठाणे

मी आता कुणाच्याच बाजूने नाही. दोघींना माझा नमस्कार.

धनंजय_सोलापूर

अनघाताई, काय होईल ते कळवा. आणि कागदावर काहीही लिहिलं तरी आजींना हाक मारू द्या.

अनघा_केंट

चाळिसावा दिवस. आज सकाळी आम्ही तिघी बाळाला घेऊन नोंदणी कचेरीत गेलो. मिझेलीने नाव सांगितलं, एमिली सिन्फाय. बाईंनी टाइप करता करता मान वर केली, दुसऱ्या नावाचं स्पेलिंग? मिझेली माझ्याकडे बघायला लागली, मी आजींकडे. तीन दाखले, तीन स्पेलिंगं. आजी म्हणाल्या, मला काय विचारता, मला ते फक्त म्हणता येतं.

मग मिझेलीने मोबाइलवर डब्यातल्या सगळ्यांत जुन्या दाखल्याचा फोटो उघडला आणि तसंच लिहायला सांगितलं. एस, आय, एन, एफ, आय. कचेरीतून बाहेर पडेपर्यंत आजींनी बाळाला चार वेळा हाक मारली होती. ते झोपलेलंच होतं.

रानजाई

वाचून डोळे भरले. त्या तिन्ही दाखल्यांचे फोटो नीट काढून ठेव गं, इतके जुने कागद घडीवर फाटतात.

अनघा_केंट

काढलेत. एक घडीवर फाटलाय आधीच. उद्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून देते, पण आजी म्हणतात फोल्डर डब्यात मावला पाहिजे.